अपार आयडी आणि क्रेडिटचं खातं : कोणाला मिळतं, काय लागतं आणि नोंदी वाचायच्या कशा

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात परीक्षा विभागात माझं टेबल आहे. सत्राचा निकाल लागला की खिडकीवर रांग लागते आणि प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच असतं, "मॅडम, डिजिलॉकरमध्ये माझे क्रेडिट दिसत नाहीत." क्रेडिट म्हणजे विषय पूर्ण केला की त्याच्या अभ्यासाच्या भारानुसार खात्यात जमा होणारे अंक; डिजिलॉकर म्हणजे कागदपत्रं ठेवायचं सरकारी अ‍ॅप. मोबाइल हातात घेतला की बरेचदा कळतं, पोरगं भलत्याच यादीत शोधतंय.

डिजिलॉकरमध्ये नोंदींच्या दोन याद्या असतात. ‘अ‍ॅक्टिव्हिटी’खाली तुमच्या खात्याची हालचाल दिसते : लॉगिन कधी झालं, कोणता दाखला काढला. ती फक्त खात्याची हजेरी वही. अभ्यासाचा हिशोब असतो अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे एबीसीत. ही बँक २०२१ साली सुरू झाली. तुमच्या १२ अंकी अपार आयडीवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकावर, संस्था, वर्ष, सत्र, विषय आणि क्रेडिट अशा ओळी तिथे चढतात. पूर्वी ज्याला एबीसी आयडी म्हणायचे तोच आता अपार. जुना आयडी हाताशी असेल तर नवा काढायच्या भानगडीत पडू नका.

पात्रतेचं फार अवघड नाही. एबीसीवर नोंद असलेल्या विद्यापीठात किंवा कॉलेजात तुमचा प्रवेश हवा. मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थीही यात येतात. मात्र २०२१-२२ आणि त्यापुढच्या शैक्षणिक वर्षांतलेच क्रेडिट जमा होतात. त्याआधी शिक्षण सोडलेले काही जण जुन्या गुणपत्रिकांचा गठ्ठा घेऊन येतात, त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावं लागतं. शाळेतल्या मुलांचा अपार शाळाच काढते, त्यासाठी पालकांचं संमतिपत्र लागतं.

कागदपत्रं थोडीच : आधार, आधारला जोडलेला आणि चालू असलेला मोबाइल, दहावीची गुणपत्रिका आणि पीआरएन (विद्यापीठाने दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक) किंवा हजेरी क्रमांक. प्रवेश नुकताच झाला असेल आणि क्रमांक मिळाला नसेल, तर ‘नवीन प्रवेश’ हा पर्याय असतो. डिजिलॉकरमध्ये आधारने लॉगिन करायचं, शोधपट्टीत अपार किंवा एबीसी टाकायचं, संस्थेचं नाव निवडायचं, प्रवेशाचं वर्ष भरायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

फक्त ओटीपी हातात पडला पाहिजे. गेल्या सत्रात सुरगाण्याकडची एक मुलगी आली होती. तिच्या आधारला नंबर वडिलांचा, वडील शेतावर, आणि शेतावर रेंज नाही. ओटीपी दहा मिनिटांत बाद होतो. तिने तीनदा पाठवला, वडील बांधावर चढून फोन करेपर्यंत तीनदा बाद झाला. शेवटी ती गावी गेली तेव्हा घराच्या ओट्यावर बसून काम झालं. म्हणून प्रवेश घेतानाच आधार केंद्रावर जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी सीबीएस बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेत बसून हे सुचण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपल्याकडची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकदा शेवटी. त्यात एकीकडे ‘वैष्णवी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच जास्त, दुसरीकडे नाही. डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं, आम्ही विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव चढवतो. दोन्ही जुळले नाहीत की तुमची ओळ लटकते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा आधी दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा, मगच दुरुस्तीला जा.

आता यादी वाचायची कशी? तुमची गुणपत्रिका शेजारी ठेवा आणि पहिल्या सत्रापासून खाली या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदवीच्या पहिल्या वर्षाचे मिळून साधारण ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांचे १२० ते १३२. एका सत्राचे वीसएक क्रेडिट दिसायला हवे तिथे सोळाच दिसले, तर बहुधा एखादा विषय राहिलाय किंवा त्याची नोंद चढलेली नाही. शेवटच्या सत्राची ओळ निकालाच्या दुसऱ्याच दिवशी येत नाही, तेवढा धीर धरा. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन संकेतस्थळावरचा एखादा कोर्स केला असेल तर तोही इथे येऊ शकतो. एका सत्रातल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत ही सोय आहे, पण कॉलेजची मान्यता आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र हातात आल्यावर मान्यता मागायला येणाऱ्यांना काय सांगावं, मलाही कळत नाही.

जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. मध्येच शिक्षण थांबवून पुन्हा येणाऱ्यांनी पहिल्या ओळीचं वर्ष वहीत लिहून ठेवावं. पदवी किंवा पदविकेसाठी एकदा वापरलेले क्रेडिट खात्यातून वजा होतात. ते गायब झाले म्हणून घाबरून येणारेही असतात.

एक गोष्ट पक्की : क्रेडिट विद्यार्थ्याला स्वतः चढवता येत नाहीत. गुणपत्रिकेचा फोटो अपलोड केलात तरी तो तुमच्या डिजिलॉकरमध्ये नुसता पडून राहील. एबीसी फक्त संस्थेकडूनच नोंद घेते. त्यामुळे ओळ चुकली किंवा राहिली, तर अपार आयडी, पीआरएन, त्या सत्राची गुणपत्रिका आणि आधारची प्रत जोडून साध्या कागदावर परीक्षा विभागाच्या नावे अर्ज द्या. कोणतं सत्र, कोणता विषय, किती क्रेडिट कमी, हे आकड्यात लिहा. नुसतं ‘क्रेडिट दिसत नाहीत’ लिहिलेल्या अर्जावर मला तुम्हाला परतच बोलवावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. संस्थेत एबीसीसाठी नेमलेला नोडल अधिकारी असतो, आठपंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर तीच प्रत घेऊन थेट त्यांना भेटा.