न्यूमेरिकल रिलेचे सिरियल सेटिंग (मॉडबस आरटीयू)

वीजवाहिनी, रोहित्र किंवा मोटर यांच्या संरक्षणासाठी बसवलेल्या न्यूमेरिकल म्हणजे अंकीय रिलेमध्ये (दोष ओळखून ब्रेकर उघडवणाऱ्या उपकरणात) पिकअप (ज्या प्रवाहाला रिले जागा होतो तो), कालविलंब, वक्राचा प्रकार (प्रवाह व वेळ यांचे नाते) इत्यादी मूल्ये सिरियल वाहिनीवरून वाचणे, बदलणे व पडताळणे. जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेत प्लग हलवून व डायल फिरवून सेटिंग होई आणि ते पॅनेलसमोर उभ्या माणसाला नुसत्या नजरेने दिसे. अंकीय रिलेत ते स्मृतीतला एक आकडा असते. प्रोटोकॉल, म्हणजे संदेशांची ठरलेली भाषा, तो आकडा बिनचूक पोचवतो. तो योग्य आहे की नाही, हे प्रोटोकॉलला कळत नाही.

या कामासाठी अनेक प्रोटोकॉल वापरात आहेत. एसईएल कंपनीच्या रिलेंशी साध्या टर्मिनलवरून पासवर्ड देऊन अक्षरी आज्ञांनी बोलता येते. आयईसी ६०८७०-५-१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक मुख्यतः घटना, आज्ञा व कालसमन्वयासाठी आहे. सेटिंग बदलण्याची सोय त्याच्या ऐच्छिक भागात येते. मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला मॉडबस सर्वांत साधा असल्याने मोटर व फीडर (वीजवाहिनी) रिलेंमध्ये तो हमखास सापडतो. पुढील विवेचन त्याच्या आरटीयू (सिरियल तारेवरच्या, बाइटरूपी) रूपाचे आहे.

जोडणी : रिलेच्या पुढच्या बाजूचे पोर्ट (पूर्वी आरएस-२३२, आता बहुधा यूएसबी) लॅपटॉपसाठी आणि मागचे आरएस-४८५ पोर्ट कायमच्या जोडणीसाठी असते. आरएस-४८५ची पिळाची, शील्ड असलेली जोडी एका रिलेवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यावी. एका ठिकाणाहून फाटे काढू नयेत. मूळ मानकाप्रमाणे एका वाहिनीवर ३२ युनिट भार (साधारण तितकी उपकरणे) चालतात, आणि कमी वेगाला लांबी सुमारे १,२०० मी.पर्यंत नेता येते. १२० ओहमचा रोध दोन्ही टोकांना हवा, मधल्या रिलेंवर नको. शील्ड एकाच टोकाला जमिनीशी जोडतात (अर्थिंग). ए व बी टर्मिनलांची नावे सर्व उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत. त्यामुळे एकही रिले उत्तर देत नसेल, तर आधी दोन तारा अदलाबदल करून पाहाव्यात. त्याने नुकसान होत नाही.

संदेश : प्रत्येक रिलेला १ ते २४७ मधला स्वतंत्र पत्ता द्यावा लागतो. नवे रिले बहुधा एकाच पत्त्यावर येतात, म्हणून ते वाहिनीवर एकेक करून जोडावेत. वेग, पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) व स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा) मास्टरशी, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या संगणकाशी, तंतोतंत जुळले पाहिजेत. मानकानुसार पॅरिटी इव्हन असते, आणि पॅरिटी नसल्यास दोन स्टॉप बिट घेतात, म्हणजे अक्षर ११ बिटांचेच राहते. ९,६०० बॉडला (सेकंदाला ९,६०० बिट) असे एक अक्षर सुमारे १.१५ मिलिसेकंद घेते. साडेतीन अक्षरांची शांतता, म्हणजे ४ मिलिसेकंद, झाली की संदेश संपला असे रिले मानतो. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टर संदेशाचे तुकडे करून पाठवतो तेव्हा घोटाळा होतो तो इथेच. तारा ठीक, पत्ता बरोबर, तरी मधूनच उत्तर येत नाही.

पत्ता १ च्या रिलेकडून पहिली दोन रजिस्टरे (स्मृतीतले १६ बिटांचे खण) मागणारा संदेश षोडशमान अंकांत असा असतो : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. यात ०३ हा वाचण्याचा फंक्शन कोड, पुढची चार बाइट सुरुवातीचा पत्ता व संख्या, आणि शेवटची दोन सीआरसी, म्हणजे संदेश बिनचूक आला का हे पडताळणारी संख्या. तिची खालची बाइट आधी जाते. लिहिण्यासाठी ०६ (एक रजिस्टर) किंवा १० (अनेक, दशमानात १६) कोड वापरतात. पुस्तिकेत ४०००१ असे छापलेले रजिस्टर तारेवर बहुधा ० म्हणून जाते. हा एकाचा फरक विसरल्यास शेजारचे सेटिंग बदलते, आणि ते मूल्य त्याच्या मर्यादेत बसत असेल तर तक्रार कुठूनच येत नाही.

मूल्यांचे प्रमाण : सर्वाधिक चुका इथे होतात. ४००/१ सीटीवरच्या (४०० अँपिअरचे १ अँपिअर करणाऱ्या प्रवाह-रोहित्रावरच्या) फीडरला ३२० अँपिअर पिकअप हवा असेल, तर तो ०.८० पट होतो, आणि पायरी ०.०१ असल्यास रजिस्टरमध्ये ८० लिहावे लागते. ८ लिहिले तर पिकअप ३२ अँपिअरवर येतो. रिलेची मर्यादा ०.०५ पासून सुरू होत असेल, तर तो हे निमूट स्वीकारतो आणि फीडर साध्या भारावर ट्रिप होतो. ८०० लिहिले आणि ते वरच्या मर्यादेबाहेर असेल, तर मात्र बहुधा ०३ हा अपवाद-कोड (मूल्य नाकारल्याची खूण) परत येतो. खरा धोका मर्यादेत बसणाऱ्या चुकीचा. ३२ बिटांचे मूल्य दोन रजिस्टरांत जाते. त्यांचा क्रम उलटला तर ३२० चे २,०९,७१,५२० होतात. हे निदान डोळ्यांत भरते तरी.

सीटी रेशोबाबत पुस्तिका नीट वाचावी. सेटिंग निर्धारित (रेटेड) प्रवाहाच्या पटीत घेणाऱ्या रिलेत रेशो चुकला तर फक्त मीटरचे आकडे चुकतात. प्राथमिक अँपिअरमध्ये घेणाऱ्या रिलेत संरक्षणच सरकते. सीटीची दुय्यम बाजू ५ अँपिअरची आणि रिलेत १ अँपिअर निवडलेला, ही पाचपटीची चूकही नेहमीची.

कार्यपद्धती : आधी टेस्ट ब्लॉकवरून (चाचणीसाठीच्या जोडावरून) ट्रिप सर्किट वेगळे करावे आणि सीटीची दुय्यम बाजू शॉर्ट असल्याची खात्री करावी. चालू असलेली सेटिंग पूर्ण वाचून फाइल ठेवावी. रिलेत दोन सेटिंग गट असतील तर बदल निष्क्रिय गटात करून मग गट बदलावा, म्हणजे अर्धवट सेटिंग एक क्षणही लागू होत नाही. काही रिले लिहिलेली मूल्ये आधी तात्पुरत्या जागेत ठेवतात व 'सेव्ह' आज्ञा मिळाल्यावरच पक्की करतात. अशा रिलेवर सेव्ह विसरून वाचून पाहिले तर काहींत नवे मूल्यही दिसू शकते, पण संरक्षण जुन्यावरच चालू असते. म्हणून रिलेचा पुरवठा बंद-चालू करून सगळे पुन्हा वाचावे व मूळ सेटिंग पत्रकाशी ओळीने जुळवावे.

अखेरचा शब्द सेकंडरी इंजेक्शनचा, म्हणजे चाचणी-संचातून रिलेत थेट प्रवाह सोडून पाहण्याचा. वरील उदाहरणात प्रवाह हळूहळू वाढवत नेल्यास सुमारे ०.८ अँपिअरला पिकअप दिसला पाहिजे. टाइम मल्टिप्लायर (वेळेचा गुणक) ०.१० व स्टँडर्ड इन्व्हर्स वक्र असताना ४ अँपिअर, म्हणजे पाचपट, प्रवाह दिल्यास रिले साधारण ०.४३ सेकंदात ऑपरेट व्हायला हवा. या चाचणीत हायसेट (मोठ्या प्रवाहाला तत्काळ चालणारा टप्पा) ४ अँपिअरच्या खाली असेल तर तोच आधी चालतो आणि वक्र चुकल्यासारखा वाटतो; चाचणीपुरता तो बंद करून नंतर आठवणीने चालू करावा.

सुरक्षा व आयुष्य : मॉडबसमध्ये ओळख पटवण्याची सोयच नाही, तारेवर पोचलेला कोणीही लिहू शकतो. सिरियल-इथरनेट कन्व्हर्टर लावला की ती तार नेटवर्कभर पसरते. अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेत २००७ मध्ये झालेल्या 'ऑरोरा' चाचणीत ब्रेकर चुकीच्या क्षणी उघड-बंद करवून एक डिझेल जनित्र निकामी केले गेले. त्यामुळे मागच्या पोर्टवरून सेटिंग लिहिण्याची मुभा बंद ठेवून फक्त वाचन सुरू ठेवणे हाच बहुतेक ठिकाणी शहाणपणाचा मार्ग. आणखी एक कमी बोलला जाणारा धोका पीएलसीचा (प्रोग्रॅमनुसार चालणाऱ्या नियंत्रकाचा) आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये सेटिंगचे रजिस्टर दर सेकंदाला पुन्हा लिहिले जात असेल आणि रिले प्रत्येक लेखन कायमच्या स्मृतीत नेत असेल, तर १ लाख लेखनांची हमी असलेली ईईप्रॉम सुमारे २८ तासांतच त्या मर्यादेला पोचते. बदल झाला तरच लिहावे, अशी अट प्रोग्रॅममध्ये घालावी.