अखंडाचे माप : प्रणाली सिद्धांताच्या पदवी अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

रसायनशास्त्राच्या पदवीधराला काय यायला हवे, याविषयी रसायनशास्त्रज्ञांत फारसा वाद नसतो. प्रयोगशाळा, पाठ्यपुस्तके आणि पुढच्या नोकऱ्या बऱ्याच अंशी ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या पदवीचे मूल्यमापन करणाऱ्याच्या हाती आयते माप असते. प्रणाली सिद्धांताला, म्हणजे सुट्या भागांऐवजी त्यांच्या परस्परसंबंधांतून अखंड समजून घेणाऱ्या सिस्टिम्स थिअरीला, ही सोय मिळाली नाही, कारण विद्याशाखांमधल्या भिंतींमुळे काहीतरी महत्त्वाचे निसटते आहे या जाणिवेतूनच हा विचार जन्माला आला. त्याच्या पदवीचे मूल्यमापन आजही अवघड का जाते, हे कळण्यासाठी दोन वेगळे इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात : एक या विचाराचा आणि दुसरा शिक्षण मोजण्याच्या पद्धतींचा.

व्हिएन्नात शिकलेले जीवशास्त्रज्ञ लुडविग फॉन बेर्टालान्फी यांचा मूळ प्रश्न सजीवांचा होता. बाहेरून द्रव्य आणि ऊर्जा घेत, बाहेर टाकत, तरीही आपली घडण टिकवून ठेवणारा जीव त्याच्या सुट्या भागांच्या अभ्यासातून पुरता समजत नाही, हे त्यांनी मांडले आणि तोच तर्क समाज, अर्थव्यवहार व यंत्रे यांनाही लागू होतो का, हे तपासायला घेतले. १९५४ मध्ये ते, अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग, शरीरक्रियाशास्त्रज्ञ राल्फ जेरार्ड आणि गणिती अनातोल रापोपोर्ट यांच्या पुढाकाराने सामान्य प्रणाली संशोधनासाठी एक संस्था आकाराला आली. त्याआधी, १९४८ मध्ये, गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी सायबरनेटिक्सच्या, म्हणजे सजीव आणि यंत्रे यांतील नियंत्रण व संदेशवहनाच्या शास्त्राच्या, रूपाने प्रत्याभरणाची, म्हणजे फीडबॅकची, संकल्पना मध्यवर्ती केली होती. पुढे रॉस अ‍ॅश्बी यांनी पुरेशा विविधतेचा नियम मांडला. ज्याच्यावर नियंत्रण ठेवायचे त्याच्या अवस्थांत जितकी विविधता आहे, तितकी नियंत्रकाकडेही असावी लागते, असा त्याचा आशय. हा नियम खाली पुन्हा लागणार आहे.

विद्यापीठांत हा विचार शिरला तो एका दाराने नव्हे. अ‍ॅरिझोना विद्यापीठात वेन वायमोर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी प्रणाली अभियांत्रिकीचा विभाग उभारला आणि विषयाला काटेकोर गणिती पाया देण्याचा ध्यास घेतला. ब्रिटनमध्ये लँकेस्टर विद्यापीठात पीटर चेकलंड यांनी माणसांच्या कामकाजातील गुंतागुंतीकडे मोर्चा वळवला, जिथे समस्या नेमकी कोणती यावरच संबंधितांचे एकमत नसते. ओपन युनिव्हर्सिटीने १९७० च्या दशकात हा विषय नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांपर्यंत नेला. तरीही बरेचसे कार्यक्रम पदव्युत्तर पातळीवरच राहिले. पोर्टलंड स्टेटने १९७० मध्ये सुरू केला तो पीएच.डी.चा कार्यक्रम होता आणि आपल्याकडे आयआयटी मुंबईतील सिस्टिम्स अँड कंट्रोल शाखाही प्रामुख्याने पदव्युत्तरच आहे. आधी एखादा विषय खोलात शिकावा, मग विषयांमधले दुवे पाहावेत, ही त्यामागची समजूत पूर्णपणे चुकीची नाही. मात्र पदवीच्या विद्यार्थ्याला खोली आणि दुवे एकाच वेळी द्यायचे ठरवले, तर त्याची परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न त्यामुळे मागेच पडला.

मोजण्याचा इतिहास याहून जुना आहे. अमेरिकेत अभियांत्रिकी पदव्यांची तपासणी करणारे मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले आणि १९८० पासून ते अ‍ॅबेट या नावाने ओळखले जाते. दीर्घकाळ तिथे भर होता तो काय पुरवले यावर : कोणत्या विषयाला किती तास, किती शिक्षक, कोणती साधने. दरम्यान शिक्षणशास्त्रात राल्फ टायलर यांनी उद्दिष्टे आधी स्पष्ट करून मग ती साध्य झाली का हे पाहण्याचा आग्रह धरला होता, तर डॅनियल स्टफलबीम यांनी १९६० च्या दशकात संदर्भ, निविष्टी, प्रक्रिया आणि फलित अशा चार अंगांनी कार्यक्रम तपासण्याची चौकट दिली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅबेटने नवे निकष स्वीकारले आणि विद्यार्थ्याला शेवटी काय जमले पाहिजे, याच्या अकरा निष्पत्ती मांडल्या. उद्दिष्ट ठरवा, मोजा, तफावत शोधा, दुरुस्ती करा, हे त्यातले चक्र म्हणजे वीनर यांचे प्रत्याभरणच होय. प्रणाली विचाराने मूल्यमापनाला इतके दिले, ही माझ्या मते नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

ही पद्धत भारतात आली ती वॉशिंग्टन कराराच्या, म्हणजे एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्यांना मान्यता देण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, वाटेने. १९८९ मध्ये सहा देशांच्या संस्थांनी केलेल्या या करारात राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळाच्या, म्हणजे एनबीएच्या, माध्यमातून भारत जून २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकवणाऱ्या प्रत्येकाला सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाच्या निष्पत्ती (कोर्स आउटकम) आणि कार्यक्रमाच्या निष्पत्ती (प्रोग्रॅम आउटकम) यांची जोडणी, परिचयाचे आहे. विषयाची प्रत्येक निष्पत्ती कार्यक्रमाच्या निष्पत्तींशी १, २ किंवा ३ अशा बळाने जोडायची, गुणांवरून साध्यतेची पातळी काढायची आणि सगळ्या विषयांची सरासरी मांडायची. इमारतींचे चौरस फूट मोजण्यापेक्षा हे निश्चितच बरे.

परंतु प्रणाली सिद्धांताच्या पदवीला हे माप लावले, की अडचण उघडी पडते. प्रणाली विचारवंत रसेल अ‍ॅकॉफ एक उदाहरण देत असत : निरनिराळ्या मोटारींतून सर्वोत्तम इंजिन, सर्वोत्तम ब्रेक, सर्वोत्तम गिअर निवडून एकत्र आणले, तर सर्वोत्तम मोटार तयार होणे दूरच, ते भाग एकमेकांत बसणारसुद्धा नाहीत. विषयवार साध्यतेची सरासरी काढताना आपण नेमके हेच गृहीत धरतो, की भागांची बेरीज म्हणजे अखंड. विद्यार्थ्याला अवकल समीकरणे येतात, संगणकीय प्रतिरूपही बांधता येते, पण समस्येची सीमा कुठे आखायची आणि ती आखताना कोणाला बाहेर ठेवले जाते, हे त्याला दिसते का, याचा रकाना त्या तक्त्यात सापडत नाही. अ‍ॅश्बी यांच्या नियमाचा आधार घेऊन म्हणता येईल, की तीन आकड्यांच्या मोजपट्टीत इतकी विविधता मावतच नाही.

चेकलंड यांनी कोणत्याही मानवी व्यवस्थेला तीन प्रश्न विचारायला सांगितले होते : योजलेला उपाय खरोखर लागू पडतो का, तो कमीत कमी साधनांत होतो का, आणि दूरच्या हेतूच्या दृष्टीने मुळात हेच करायला हवे होते का. आजच्या तपासण्या पहिल्या दोन प्रश्नांपाशी रेंगाळतात. तिसऱ्याचे उत्तर मिळण्याची जागा म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, तोही विद्यार्थी खऱ्या संस्थेत जाऊन, तिथल्या माणसांशी बोलून केलेला. लँकेस्टरमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी अशा प्रकल्पांवर कित्येक महिने काम करत आणि त्यांतून आलेल्या अनुभवाने विभागाची कार्यपद्धतीच बदलत गेली. पदवीच्या साठ जणांच्या वर्गात असा प्रकल्प उभा करायचा, तर मार्गदर्शकाला प्रत्येक गटासोबत बाहेर पडण्याएवढा वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा लागतो आणि त्याचे मूल्यमापन करणाऱ्याला गुणपत्रिकेइतकीच विद्यार्थ्याची टिपणवहीही वाचावी लागते.