युद्धोत्तर मानसिक आघात : माजी सैनिक, पुणे

रणभूमीवर, सीमेवर किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत जीवघेणे प्रसंग पाहिलेल्या सैनिकाला परतल्यावर, अनेकदा कित्येक वर्षांनी जडणारे मानसिक विकार. आघातोत्तर तणाव विकार (पीटीएसडी) हा त्यांतला सर्वांत परिचित. नैराश्य, दारूचे व्यसन, निद्रानाश, अपराधीपणाची बोच आणि स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला झालेली इजा यांपैकी काही ना काही बहुधा त्याच्या सोबतीला असते. दक्षिण कमांडचे मुख्यालय, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी, १९४८), वानवडीचे कमांड हॉस्पिटल आणि निवृत्त फौजींच्या वसाहती एकाच शहरात असल्यामुळे पुण्यात हा विषय देशातल्या इतर बहुतेक शहरांपेक्षा जास्त दिसतो. घराघरांत मात्र तो बोलला जात नाही.

पहिल्या महायुद्धात या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो शब्द वापरला. तोफगोळ्याच्या धक्क्याने मज्जासंस्था हादरते, असा तेव्हाचा समज होता. तोफेच्या जवळपासही न फिरकलेल्या शिपायांत तीच लक्षणे दिसू लागली आणि हा समज डळमळला. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धानंतर बराच वाद झाला, आणि १९८० मध्ये पीटीएसडी हे निदान अधिकृत वर्गीकरणात आले.

भारतीय सैनिकाचा अनुभव या चौकटीत पुरता मावत नाही. कारगिलचे युद्ध १९९९ च्या उन्हाळ्यात काही आठवड्यांत संपले, पण सियाचीनमधली तैनाती १९८४ पासून चालू आहे. काश्मीर आणि ईशान्येतल्या पोस्टिंग एकामागून एक येत राहतात. त्यामुळे ‘तो एक प्रसंग’ कोणता, असे विचारले तर अनेकांना उत्तर देता येत नाही. परतणे म्हणजेही बहुतेकदा सुटीवर येणे. जम्मूला झेलम एक्सप्रेसमध्ये बसलेला जवान दोन रात्रींत पुणे स्टेशनवर उतरतो, घरच्या लग्नाला उभा राहतो आणि महिन्याभरात पुन्हा तिकडेच जातो. शरीर घरी येते, सावधपणा उतरायला वेळच मिळत नाही.

लक्षणे उशिरा का दिसतात

सेवेत असताना पलटण माणसाला सावरून धरते. पहाटेची पीटी, रोलकॉल, लंगर (जवानांचे एकत्र जेवण) आणि तेच अनुभव घेतलेले साथीदार यांत न झोपलेली रात्रही खपून जाते. शिवाय लक्षण सांगितले तर कॅटेगरी लागेल, म्हणजे वैद्यकीय दर्जा घसरेल, ही भीती असते. लष्करी वैद्यकीय प्रतवारीला ‘शेप’ म्हणतात. त्यातले पहिले अक्षर ‘एस’ मानसिक स्थितीचे. ते डाऊन झाले की बढती, कोर्स आणि हत्यार हाताळण्याची परवानगी, सगळ्यावर सावट येते. म्हणून जवान गप्प राहतो. हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

मग पस्तिशी-चाळिशीत पेन्शन येते. सतरा वर्षे घर, शेत आणि मुलांच्या शाळा एकटीने सांभाळलेल्या पत्नीच्या घरात तो हुकूम सोडत शिरतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत शिपायापासून सुभेदारापर्यंत सगळ्यांना लोक ‘मेजर’च म्हणतात. २६ जानेवारीला खुर्चीवर बसवून नारळ देतात. ज्याला मेजर म्हटले, त्याला ‘रात्री झोप लागते का’ असे विचारायला जीभ रेटत नाही.

शहरात नोकरी मिळते ती बहुधा सुरक्षारक्षकाची. हिंजवडी-खराडीतल्या कंपन्यांच्या फाटकावर बारा-बारा तासांची रात्रपाळी म्हणजे आधीच बिघडलेल्या झोपेवर आणखी घाव. बाहेरून अतिसतर्कता ही कर्तव्यदक्षता वाटते, आणि विकाराला पगार मिळू लागतो. उपचार चालू असताना किमान सहा महिने दिवसपाळी मागून घ्यावी. तिचाही फरक पडतो.

ओळख

निदानासाठी लक्षणे महिन्याहून जास्त टिकलेली हवीत. ती चार गटांत मोडतात : नको असताना येणाऱ्या आठवणी व दुःस्वप्ने, त्या आठवणी जागवणाऱ्या जागा-माणसे टाळणे, मन बधिर होणे व स्वतःला दोष देणे, आणि सतत सावध असणे, दचकणे, भडकणे. आपल्याकडे रुग्ण या भाषेत बोलत नाहीत. ‘डोकं जड होतं’, ‘छातीत धडधडतं’, ‘पोरावर हात उगारला गेला’ अशी तक्रार येते, तीही बहुधा पत्नीकडून. गावाकडे ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ म्हणून देवऋषीकडे दोन-तीन वर्षे जातात.

पीसीएल-५ ही २० प्रश्नांची चाचणी. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले तर सविस्तर तपासणी करतात. तिच्यासोबत दारूबद्दलची १० प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी घ्यावीच. तिच्यात ८ किंवा जास्त गुण म्हणजे धोका. नेहमी होणारी चूक म्हणजे स्फोटाजवळ सापडलेल्या जवानाची डोकेदुखी, विसरभोळेपणा आणि चिडचिड थेट मनाच्या खात्यावर टाकणे. सौम्य मेंदूइजेत सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो. म्हणून किती वेळा, किती अंतरावर स्फोट झाला आणि शुद्ध हरपली होती का, हे विचारूनच पुढे जावे. मोठ्याने घोरणाऱ्याची झोपेतल्या श्वासरोधासाठी तपासणीही राहून जाऊ नये.

पुण्याचे वर्ष या रुग्णांना ठरावीक वेळी अवघड जाते. गणपतीच्या आधी महिना-दीड महिना नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, मग विसर्जन मिरवणूक, मग दिवाळीचे सुतळी बॉम्ब. लोहगावला राहणाऱ्याच्या डोक्यावरून लढाऊ विमाने जातात ती वेगळीच. आवाजाची पातळी हे अर्धेच कारण. तो अचानक येतो हे खरे कारण. स्वतः वाजवलेला ढोल सहसा त्रास देत नाही. या महिन्यांत औषध कमी करण्याचा किंवा नवा उपचार सुरू करण्याचा घाट घालू नये.

उपचार

आघातकेंद्री मानसोपचाराला पुरावा सर्वांत भक्कम आहे. ‘दीर्घ सामना’ (प्रोलाँग्ड एक्स्पोजर) या पद्धतीत साधारण ८ ते १५ बैठका होतात, प्रत्येकी दीड तासापर्यंत. सुरुवातीला टाळलेल्या गोष्टींची शिडी करतात आणि प्रत्येकीला ० ते १०० असे अस्वस्थतेचे गुण देतात. पुण्यातल्या एखाद्याची शिडी अशी असू शकते : संध्याकाळी सारसबाग २५, पीएमपीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर (म्हणजे पाठीमागे माणसे) ४५, रविवारची मंडई ६०, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता ९०. सुरुवात चाळीस-पन्नासच्या आसपासच्या पायरीपासून. तिथे ३० ते ४५ मिनिटे किंवा अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत थांबायचे. धडधड कमाल पातळीला असताना निघून आले तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हाच धडा पक्का होतो. जाण्याआधी एक पेग घेणे किंवा दर वेळी मेव्हण्याला सोबत नेणे यानेही तेच घडते. बैठकीत प्रसंग वर्तमानकाळात, डोळे मिटून सांगायचा, त्याचे ध्वनिमुद्रण करायचे आणि घरी रोज ऐकायचे. दोन खोल्यांच्या घरात हे कुठे ऐकायचे हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अनेकांचा उपचार त्यावरच अडतो. तो पहिल्याच बैठकीत सोडवावा.

‘माझ्या जागी तो गेला’ किंवा ‘त्या घरात बायका-पोरं होती’ असे ज्याला खाते, त्याची जखम भीतीची नसून नैतिक असते. तिथे नुसता सामना पुरत नाही. बारा बैठकांच्या बोधप्रक्रिया उपचारात असे अडकलेले विचार लिहून काढून तपासतात : तेव्हा काय ठाऊक होते, आणि आज काय ठाऊक आहे. समुपदेशकाने ‘तुम्ही देशासाठी केलंत’ म्हणून विषय मिटवू नये. रुग्ण मान डोलावतो आणि पुढच्या वेळी येत नाही.

औषधांत सर्ट्रालिन सामान्यतः २५ किंवा ५० मिलिग्रॅमपासून वाढवत २०० पर्यंत नेतात. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. मळमळ आणि जुलाब मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. त्यामुळे ‘गोळीनं बिघडलं’ म्हणून ती बंद होते. लैंगिक अडचणीमुळे बंद करणारे तर कारणही सांगत नाहीत. डॉक्टरांनी आपण होऊन विचारावे. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन काहींना लागू पडते, जरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत माजी सैनिकांना त्याचा लाभ दिसला नाही. ते रात्री १ मिलिग्रॅमने सुरू करतात. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब घसरून माणूस पडू शकतो, म्हणून रात्री उठताना आधी काठावर बसावे. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या गल्लीतल्या दवाखान्यात सहज मिळतात. पीटीएसडीत त्यांचा उपयोग नाही, सवय लागते आणि दारूबरोबर त्या श्वास मंदावतात.

दारूचे गणित वेगळेच. लष्करी कॅन्टीनमधला दारूचा कोटा स्वस्त, आणि दोन पेगने झोप लागते हे खरे. पण पहाटे दारू उतरताना स्वप्ने उसळून येतात, मग मात्रा वाढते. रोज पिणाऱ्याने घरच्यांच्या शपथेवर एकदम सोडणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम व थरथर. अशा वेळी दाखल करून, थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन, देखरेखीखाली सोडवावी लागते.

घरच्यांसाठी : झोपेत ओरडणाऱ्याला हलवून उठवू नये, फटका बसू शकतो. दिवा लावून पायथ्याकडून, हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावरून नावाने हाक मारावी. जाग आली की पाय गार फरशीवर टेकवायला लावावे, ‘आपण घरी आहोत’ एवढेच सांगावे. काय दिसले ते लगेच विचारू नये. मरणाची भाषा सुरू झाली तर परवान्याची बंदूक त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि त्याला एकटे न सोडता रुग्णालयात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. सैन्यदलांसाठीचा या सेवेचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला.

संस्था आणि कागद

निवृत्तिवेतनधारकाची वाट ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून जाते (योजना १ एप्रिल २००३ पासून) : तिथला डॉक्टर, मग रेफरल, मग लष्करी किंवा पॅनेलवरील रुग्णालय. पॉलिक्लिनिकमध्ये ‘झोप येत नाही’ एवढेच सांगितले की झोपेची गोळी हातात पडते आणि रेफरल होत नाही. दुःस्वप्ने, तैनातीचे ठिकाण आणि साल हे पत्नीने कागदावर लिहून न्यावे. खडकीत अपंग सैनिकांना व्यवसाय शिकवणारी, १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आणि मणक्याची इजा झालेल्यांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. वानवडीत कृत्रिम अवयव केंद्र. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पॅरालिंपिक सुवर्ण मिळवले. त्यांचा दाखला प्रत्येक व्हीलचेअरवरच्या जवानाला देण्याची आपली सवय मात्र उपचाराच्या कामाची नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी विकार सेवेमुळे झालेला किंवा सेवेने बळावलेला असावा लागतो. सेवेत काहीच नोंदवले नसेल आणि निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळासमोर ‘सब ठीक है’ म्हटले असेल, तर पुढे सिद्ध करणे कठीण जाते. भरती होताना विकाराची नोंद नसेल तर तो सेवेतून आला असे सामान्यतः गृहीत धरावे, ही सर्वोच्च न्यायालयाची धरमवीर सिंग प्रकरणातली (२०१३) भूमिका कामी येऊ शकते. पुण्यातले दावे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जातात. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येते.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना निवृत्तिवेतनही नाही आणि ईसीएचएसही नाही. त्यांना ससून रुग्णालय, येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि १४४१६ हाच आधार आहे. तिथल्या डॉक्टरांनी पंचविशीतल्या तरुणाला ‘फौजेत होतास का’ हा प्रश्न विचारण्याची सवय आतापासून लावून घ्यायला हवी.