मान्यता नाही म्हणजे व्यापारबंदी नव्हे

मराठवाड्यात पपईची बाग लावायचा विषय निघाला की ‘तैवान ७८६’चं नाव येतंच. तैवानी सीएनसी मशीनही इथल्या वर्कशॉपना परकं नाही. तरी नवा उद्योजक हमखास विचारतो: तैवानला भारताची मान्यताच नाही, मग तिथल्या कंपनीशी सौदा कायदेशीर कसा?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मान्यता हा सरकारांचा आपसातला विषय. चीनवर दावा सांगणाऱ्या दोन सरकारांपैकी भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली, म्हणून तैवानच्या राजधानीत, तैपेईत, आपला दूतावास नाही. व्यापारबंदी मात्र मालाला लागते. ती सरकारी अधिसूचनेने येते आणि माल कस्टम्समध्ये अडतो. उत्तर कोरियाशी १९७३ पासून आपले राजनैतिक संबंध आहेत, प्योंगयांगमध्ये दूतावासही आहे. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांनुसार भारताने एप्रिल २०१७ मध्ये अन्न आणि औषधं वगळता त्या देशाशी जवळपास सगळा व्यापार थांबवला.

तैवानचं बरोबर उलट. दूतावासाचं बरंचसं काम १९९५ पासून दोन कार्यालयं करतात: तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आणि दिल्लीत ‘तैपेई इकॉनॉमिक अँड कल्चरल सेंटर’. व्हिसाही तिथून मिळतो. दुहेरी करआकारणी टाळण्याचा २०११ चा करार आणि गुंतवणुकीबाबतचा २०१८ चा करारही याच दोन कार्यालयांच्या नावे झाले. शिवाय तैवान २००२ पासून जागतिक व्यापार संघटनेत आहे, देश म्हणून नव्हे तर ‘स्वतंत्र सीमाशुल्क क्षेत्र’, म्हणजे स्वतःची कस्टम्स व्यवस्था असलेला प्रदेश म्हणून. त्यामुळे आयातशुल्काचे नेहमीचे नियम लागू होतात. या व्यवस्थेला कोणी चोरवाट म्हटलं तर मला ते अजिबात पटत नाही. दोन्ही सरकारांनी जाणूनबुजून बांधलेला हा रस्ता आहे.

मान्यतेविना व्यापार तैवानपुरताच नाही. तालिबान सरकारला भारताने औपचारिक मान्यता दिलेली नाही, तरी अफगाणी अंजीर आणि हिंग आपल्या बाजारात येतात.

मान्यता नसल्याची झळ बसते ती दुसरीकडे. मंत्र्यांचे उघड दौरे सहसा होत नाहीत आणि तैवानशी मुक्त व्यापार करारही अजून झालेला नाही. कागदपत्रांचंही तसंच. एका देशाचा शिक्का दुसऱ्या देशात थेट चालावा यासाठी असलेल्या अपोस्टिल करारात तैवान नाही, त्यामुळे तिथे वापरायच्या दस्तऐवजावर परराष्ट्र खात्याच्या शिक्क्यानंतर तैपेई सेंटरचं साक्षांकन लागतं. पूर्वी त्यासाठी दिल्ली किंवा चेन्नई गाठावी लागे. २०२४ मध्ये मुंबईत सेंटर उघडलं, ही मराठवाड्यातल्या छोट्या कारखानदारासाठी मोठीच सोय झाली.

म्हणून तैवानी खरेदीदार मिळाला तर मान्यतेच्या विचाराने ऑर्डर सोडू नका. आपल्या मालाचा एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) काढा, त्यावर डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) बंदी किंवा परवान्याची अट आहे का ते बघा, आणि साक्षांकनाचे दिवस डिलिव्हरीच्या तारखेत आधीच धरा.