आर्राबिदा दिवससहल

आर्राबिदा दिवससहल : पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथून तेजू (टेगस) नदी ओलांडून सेतूबाल द्वीपकल्पात काढली जाणारी एका दिवसाची मार्गदर्शित सहल. सेरा द आर्राबिदा ही चुनखडीची डोंगररांग, तिच्या उत्तर पायथ्याची अझैतांव ही वाइनची गावे, दक्षिण उताराखालचे किनारे आणि सेतूबाल किंवा सेझिंब्रा यांपैकी एखादे मासेमारी बंदर एवढा ऐवज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात बसवलेला असतो. पूर्ण फेरा साधारण १२० ते १५० किमी. भरतो. त्यात एश्पिशेल भूशिर घ्यायचे की नाही, यावर हा आकडा ठरतो.

आजच्या स्वरूपातील सहल पुलानंतरची मानावी लागते. २५ द आब्रील हा २,२७७ मी. लांबीचा झुलता पूल ६ ऑगस्ट १९६६ रोजी वाहतुकीला खुला झाला. १९७४ च्या क्रांतीपर्यंत त्याला हुकूमशहा सालाझारचे नाव होते. पूल होण्याआधी येथे नदी बोटीने ओलांडावी लागे, आणि उतारूंचा बराच वेळ धक्क्यावरच जाई. पूर्वेकडचा व्हास्को द गामा पूल १९९८ चा. दोन्ही पुलांवर टोल घेतला जातो तो फक्त लिस्बनकडे येताना. पुलापलीकडे अल्मादा येथे क्रिस्तो रे हा ख्रिस्ताचा पुतळा (१९५९) आहे. बहुतेक सहली तेथे पंधरा-वीस मिनिटे थांबतात, कारण लिस्बन शहराचे समोरून होणारे दर्शन इतके चांगले अन्यत्र नाही.

वाहन व चालक : जाहिरातीतला ‘लहान गट’ म्हणजे बहुधा आठ माणसे. हा आकडा पाहुणचारातून नव्हे, मोटार कायद्यातून आला आहे. यूरोपीय संघात ब वर्गाच्या परवान्यावर चालक सोडून आठच उतारू नेता येतात. चालकासह नऊपेक्षा अधिक आसने असली की वेगळा परवाना लागतो. शिवाय टॅकोग्राफ (गाडी हाकण्याच्या वेळा नोंदवणारे यंत्र) आणि साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांची सक्तीची विश्रांती हे नियम सर्वसाधारणपणे लागू होतात. म्हणून नऊ आसनी गाडी आणि चालक हाच मार्गदर्शक, अशी जोडणी रूढ झाली. तिचा तोटाही आहे. नागमोडी रस्त्यावर नजर पुढे ठेवून बोलणाऱ्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत धड पोहोचत नाही, आणि नेमके सांगण्यासारखे सारे त्याच रस्त्यावर असते. चाखणीच्या टेबलावर चालक ग्लास पुढे ओढत नाही, त्याचेही कारण कायद्यात आहे. पोर्तुगालमध्ये रक्तातील मद्यार्काची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम, तर व्यावसायिक चालकांच्या बहुतेक वर्गांसाठी ती ०.२ ग्रॅम आहे. सहल चालवणाऱ्या संस्थेची नोंदणी पर्यटन-उपक्रमांच्या राष्ट्रीय नोंदवहीत (२००९ चा कायदा) असावी लागते. मार्गदर्शकाचा व्यवसाय मात्र २०११ पासून खुला आहे, त्यामुळे माहितीच्या दर्जात फार तफावत आढळते.

नाव : ‘आर्राबिदा’ हे नाव अरबी मूळ धातू र-ब-त वरून आले याबद्दल फारसा मतभेद नाही. वाद आहे तो ‘रिबात’ की ‘राबिता’ एवढ्यापुरता. रिबात म्हणजे सीमेवर पहारा आणि प्रार्थना एकत्र करणाऱ्यांची तटबंदीची वस्ती. राबिता हे त्यापेक्षा लहान, एकांतवासाचे ठिकाण. मोरोक्कोतील रबात, स्पेनमधील वेल्व्हाजवळचा ला राबिदा मठ आणि कातालोनियातील रापिता ही एकाच कुळातील नावे होत. पोर्तुगालच्याच नैर्ऋत्य किनाऱ्यावर आरिफाना येथे उत्खननात खरोखरीचे रिबात उजेडात आले आहे. आर्राबिदाच्या बाबतीत आधार मुख्यतः नावाचा. डोंगराची बाजू आणि पुढे तेथेच ख्रिस्ती विरक्तांनी केलेली वस्ती पाहता ‘राबिता’ हा अर्थ अधिक जुळतो. फ्रान्सिस्कन पंथाचा मठ येथे १५३९ ते १५४२ च्या दरम्यान स्थापन झाला असे मानतात. आवेइरूच्या ड्यूकने दिलेल्या जमिनीवर फ्रेय मार्तीन्यू द सांता मारिया याने तो वसवला. हिरव्या उतारावर पांढऱ्या खोल्यांची विखुरलेली माळ रस्त्यावरून दिसते. आत जायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. १९९० पासून मठ फुंदासांव ओरिएन्त या प्रतिष्ठानाकडे आहे. याच प्रतिष्ठानाची शाखा पणजीत असल्याने गोमंतकीयांना हे नाव परके नाही.

‘अझैतांव’ हे अरबी ‘झैतून’ म्हणजे ऑलिव्ह या शब्दावरून. नकाशावर या नावाची एकाहून अधिक गावे दिसतात. वाइनची जुनी पेढी व्हिला नोगेइरा द अझैतांव येथे आहे, तर बाकाल्योआ वाडा व्हिला फ्रेश्का द अझैतांव येथे. दोन्हींमध्ये गल्लत झाली की आरक्षणाची वेळ हुकते.

डोंगर व किनारा : रांगेचे सर्वोच्च शिखर फोर्मोझीन्यू सुमारे ५०० मी. उंच आहे. पश्चिमेकडच्या सेरा दू रिश्कूचा कडा सुमारे ३८० मी. उंचीवरून थेट समुद्रात उतरतो. १९७६ मध्ये येथे निसर्ग उद्यान घोषित झाले आणि १९९८ मध्ये त्याला सागरी उद्यानाची जोड मिळाली. दक्षिणाभिमुख उतार व उन्हाळी उत्तर वाऱ्याला आड येणारा डोंगर यांमुळे पोर्तिन्यू, गालापिन्योश, फिगेइरिन्या येथील पाणी शांत व स्वच्छ असते. रंग पाहून मात्र फसू नये. तळातून वर येणाऱ्या थंड पाण्यामुळे भर उन्हाळ्यातही पाण्यात उतरल्यावर अंगावर काटा येतो. हिरव्या उतारावर एका ठिकाणी खाणीने पडलेला फिकट ओरखडा दिसतो. ती आउतांवच्या सिमेंट कारखान्याची जागा. सहलीच्या छायाचित्रांत ती येत नाही.

पोहण्याच्या हंगामात किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर खासगी मोटारींना बंदी किंवा एकेरी वाहतूक असते, आणि तिचा तपशील दरवर्षी बदलतो. दरड कोसळूनही हा रस्ता बंद होतो. अशा दिवशी चालक माथ्यावरच्या रस्त्याने नेतो, आणि किनारा फक्त वरून दिसतो. वर्णनात ‘पोहण्यासाठी थांबा’ असेल तर कोणत्या महिन्यात आणि कोणत्या किनाऱ्यावर, हे आधीच विचारावे.

बाकाल्योआ वाडा : गोवे जिंकणारा (१५१०) अफोन्सो द आल्बुकेर्क १५१५ मध्ये गोव्याच्या बंदरात मरण पावला. त्याचा मुलगा ब्राश याने ही मालमत्ता १५२८ मध्ये विकत घेतली. लिस्बनमधील टोकदार दगडांची काझा दुश बीकुश ही इमारतही त्याचीच. तलावाकाठच्या मंडपात पोर्तुगालमधील सर्वांत जुन्या सनांकित अझुलेजू (चकाकीच्या रंगीत फरश्या) फलकांपैकी एक असून त्यावर १५६५ हे साल आहे. वाड्याच्या गोल बुरुजांवरील खरबुजाच्या फोडींसारख्या घुमटांमुळे काही लेखकांना येथे भारतीय छाप दिसते. पण ब्राशने १५२१ मध्ये राजकन्येच्या लवाजम्याबरोबर इटलीकडे प्रवास केला होता, आणि सज्जांची रचनाही प्रबोधनकालीन इटलीचीच आहे. भारतीय प्रभावाचे मत त्यामुळे लंगडे पडते. ‘बाकाल्योआ’ हे नाव बाकाल्याव या खाऱ्या माशाशी जोडले जाते. सतराव्या शतकातील मालकिणीच्या पतीला ‘बाकाल्याव’ म्हणत, त्याचे ते स्त्रीलिंगी रूप होय.

मोश्कातेल : सहलीचा खरा मुक्काम वायनरीतच असतो. सेतूबालच्या मोश्कातेल वाइनचे क्षेत्र १९०७ मध्ये सीमांकित झाले. द्राक्ष म्हणजे ‘मस्कॅट ऑफ अलेक्झांड्रिया’ ही जात. मोश्कातेल रोशू ही वेगळी जांभळट जात, आणि ती फार थोड्या जमिनीवर आहे. रस आंबू लागल्यावर साखर पुरती संपण्याआधीच त्यात द्राक्षांची कडक ब्रँडी ओततात. मद्यार्क वाढला की यीस्ट मरते आणि उरलेली साखर तशीच राहते. एवढे पोर्ट वाइनमध्येही होते. मोश्कातेलचे वेगळेपण त्यानंतरचे आहे. द्राक्षांच्या साली काढून न टाकता हिवाळाभर, काही ठिकाणी पाच-सहा महिने, त्याच द्रवात मुरत ठेवतात. या जातीचा संत्र्याच्या फुलासारखा वास मुख्यतः सालीत असतो, आणि ब्रँडीयुक्त द्रव तो ओढून घेतो. मुरवण कमी झाली तर नुसता गोडवा उरतो. लांबली तर कडवटपणा येतो. नंतर निथळून व दाबून द्रव वापरलेल्या लाकडी पिंपांत भरतात. साधा मोश्कातेल किमान १८ महिने, रोशू किमान ३६ महिने. नव्या पिंपाचा लाकडी वास येथे नको असतो. वर्षे जातील तसा रंग सोनेरीवरून अंबरी आणि पुढे शिसवी होतो. बाटलीवर ‘मोश्कातेल द सेतूबाल’ लिहायचे तर ८५ टक्के द्राक्षे त्याच जातीची लागतात. नुसते ‘सेतूबाल’ या नावासाठी पूर्वापार कमी प्रमाण चालत आले आहे.

चाखणीत मोश्कातेल शेवटी येतो आणि थंड, १० ते १२ अंशांवर देतात. ५० मिलि. हा घोट लहान वाटतो, पण १७-१८ टक्के मद्यार्कामुळे त्यात सुमारे सात ग्रॅम मद्यार्क असतो. पांढऱ्या वाइनच्या दीडपट घोटाइतका. त्याआधी काश्तेलांव या तांबड्या जातीची वाइन देतात. या जातीला परिसरात ‘पेरिकीता’ (लहान पोपट) म्हणतात. नाव मुळात जातीचे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोझे मारिया द फोन्सेका याच्या पेढीने (स्थापना १८३४) कोव्हा द पेरिकीता नावाच्या शेतात ही द्राक्षे लावली. शेताचे नाव वाइनला पडले आणि वाइनचे द्राक्षाला.

तोर्ना-व्हियाजें : याचा शब्दशः अर्थ परतीचा प्रवास. एकोणिसाव्या शतकात मोश्कातेलची पिंपे जहाजाच्या कप्तानाकडे दलालीवर विकायला देत. ब्राझील, आफ्रिका, हिंदुस्थान अशी फिरून न खपलेली पिंपे परत आली की आतली वाइन आधीपेक्षा सरस निघे. (मराठीतील ‘पिंप’ हा शब्दच पोर्तुगीज ‘पीपा’वरून आला असे मानतात.) सरसपणाचे कारण काय, यावर मतभेद आहेत. जहाजाच्या हेलकाव्यांनी वाइन घुसळली जाते असे पेढ्यांतील परंपरा सांगते. विषुववृत्त दोनदा ओलांडताना तळखोलीत साचणाऱ्या उष्णतेने ऑक्सिडीकरण वेगाने होते, असे दुसरे मत. मदेरा बेटावर जमिनीवरच उष्णता देऊन तसाच परिणाम साधतात, तेव्हा दुसऱ्या मताकडे कल झुकतो. हेलकाव्यांचा वाटा त्यामुळे नाकारला जात नाही. अलीकडे पोर्तुगीज नौदलाच्या साग्रेश या शिडाच्या प्रशिक्षण-जहाजावर पिंपे ठेवून हा प्रयोग पुन्हा केला गेला. सहलीतल्या चाखणीत ही वाइन मिळत नाही. दाखवतात ती पिंपे.

चीज व गोड पदार्थ : अझैतांव चीज कच्च्या मेंढीच्या दुधाचे असते आणि किमान २० दिवस पिकवतात. दूध विरजायला वासराच्या जठरातील रेनेट वापरत नाहीत. रानआर्टिचोकच्या काट्याळ वनस्पतीचे वाळलेले जांभळे तुरे पाण्यात भिजवून त्याचा काढा घालतात. त्यातील विकरे दुधातले केसीन हे प्रथिन वेगळ्या प्रकारे तोडतात, म्हणून गर लोण्यासारखा सैल होतो आणि जिभेवर किंचित कडू चव राहते. वरची चकती सुरीने झाकणासारखी कापायची आणि आतले चमच्याने काढून पावाला लावायचे. फ्रिजमधून थेट काढलेले चीज घट्ट असते, ते अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवावे. प्राणिजन्य रेनेट टाळणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशांना ते चालते. तोर्ता हा गुंडाळलेला केक मात्र अंड्यांच्या पिवळ्या बलकाने भरलेला असतो.

क्रम : डोंगर आधी, वायनरी नंतर, हा क्रम पाळणारी सहल बरी. उलट केले तर रिकाम्या पोटी तीन-चार घोट आणि लगेच वळणांचा रस्ता, असा योग जुळून उतारूंना उलट्या होतात. शिवाय दुपारपर्यंत किनाऱ्याच्या वाहनतळात जागा उरत नाही. सेतूबालचा लिव्हरामेंतू बाजार (१९३०) पाहायचा तर उलट सकाळीच गाठावा लागतो, आणि सोमवारी तो बंद असतो. सोमवारच्या सहलीत बाजाराचे नाव छापलेले आढळले तर संस्थेने पत्रक जुन्यावरून उतरवले असे समजावे. रविवारी संध्याकाळी किनाऱ्यावरून परतणाऱ्यांची पुलावर रांग लागते. त्या दिवशी सहानंतरचे विमान वा रेल्वे धरू नये.

सेतूबालमध्ये दुपारचे जेवण म्हणजे बहुधा शोकू फ्रितू, अर्थात मक्याच्या पिठात घोळून तळलेली मोठी माकली. चौकातील पुतळा बोकाझ या कवीचा. १७६५ मध्ये येथेच जन्मलेला हा नौदलातील तरुण १७८६ ते १७८९ मध्ये गोव्यात होता, आणि तेथील उच्चकुलीनांच्या बडेजावावर त्याने बोचरी सुनीते लिहिली. सादू खाडीतील डॉल्फिनांचा मुक्कामी कळप (सुमारे तीस) पाहण्यासाठी वेगळी बोट लागते. समोरच्या त्रोया वाळूपट्टीवर रोमनकालीन मासे खारवण्याची कुंडे आहेत.

एश्पिशेल : जोरदार वाऱ्याच्या या भूशिरावर अवर लेडीचे, म्हणजे येशूमाता मरीयेचे, देवस्थान आहे. मरीयेचे दर्शन १४१० च्या सुमारास घडले अशी आख्यायिका असली, तरी स्थळाचा उल्लेख चौदाव्या शतकातच येतो असे सांगितले जाते. आजचे चर्च अठराव्या शतकाच्या आरंभीचे. मरीया खेचरावर बसून समुद्रातून कड्यावर चढली आणि खेचराचे खूर दगडात उमटले, अशी कथा स्मारक-देवळीच्या फरश्यांवर चितारलेली आहे. पेद्रा दा मुआ (खेचराचा दगड) येथील ते ठसे ज्युरासिक काळाच्या अखेरच्या लांब मानेच्या डायनोसॉरांचे आहेत. चिखलाचा सपाट थर पुढे भूहालचालींनी कलला, म्हणून ठसे समुद्रातून वर चढल्यासारखे दिसतात. ते देवस्थानाच्या अंगणातून दिसत नाहीत. लागोश्तेइरुश खाडीच्या उत्तर बाजूच्या पायवाटेने चालत जाऊन मागे वळून पाहावे लागते. सूर्य कलता असला तर ठशांच्या कडांना सावली पडते; भर दुपारी तोच दगड कोरा भासतो.