पोटाचा चोरदरवाजा

हर्नियाला मराठीत अंतर्गळ असा एक जुना शब्द आहे. आतलं काहीतरी गळून खाली आलंय, एवढंच तो सांगतो. काय गळलंय, या भानगडीत तो पडत नाही. आपण मात्र लगेच पडतो. जांघेत फुगवटा आला, खोकलं की वाढतो, आडवं झालं की जातो, म्हणजे आतडं उतरलंय, हे घरातच ठरून जातं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. साधारण चार पुरुषांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी जांघेतला हर्निया होतो आणि त्यातून आतड्याचं वेटोळं किंवा पोटातली चरबी डोकावते.

पण क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी वेळा, त्या फुगवट्यात पोटातल्या ट्यूमरचा भाग सापडतो. ‘हर्निया पिकून कॅन्सर होतो’ असं काही लोक सांगत असतात, ते साफ चूक. साधा हर्निया साधाच राहतो. इथे प्रकार उलटा आहे. आजार आधी पोटात असतो आणि हर्नियाची वाट त्याला आयती मिळते.

ही वाट मुळात असते तरी कशासाठी? पुरुषाचे वृषण जन्मतः जिथे दिसतात तिथले ते नव्हेतच. गर्भात ते पोटाच्या मागच्या भिंतीवर, मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात आणि साधारण सातव्या महिन्यात जांघेतल्या बोगद्यातून अंडकोशात उतरतात. या प्रवासाची खूण प्रौढ शरीरातही शिल्लक असते. वृषणाला रक्त पुरवणारी धमनी जवळच्या मांडीतून फुटत नाही. ती वर, मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या थोडं खाली, महाधमनीतून निघते आणि एवढं अंतर कापून येते. बिऱ्हाड हललं, पण पाणी जुन्या विहिरीचंच.

वृषण उतरायच्या आधी पोटाच्या अस्तराची, म्हणजे पेरिटोनियमची, हातमोज्याच्या बोटासारखी एक पिशवी त्या बोगद्यात शिरलेली असते. जन्माच्या आसपास ती मिटते. मिटायची राहिली तर पुढे तीच हर्नियाची पिशवी होते. उतारवयात पोटाची भिंतच ढिली पडून होणारा हर्निया निराळा, पण पिशवी तिथेही पेरिटोनियमचीच. थोडक्यात, हर्नियाची पिशवी म्हणजे पोटाच्या पोकळीचाच बाहेर आलेला कोपरा. शिवाय बोगद्यात आणखी एक वाट असते, अस्तराच्या बाहेरून जाणारी. वृषणाच्या रक्तवाहिन्यांची दोरी तिथून उतरते आणि मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीचा पट्टा तिच्यासोबत सलग खाली येऊ शकतो. दोन वाटा, म्हणून सोंगंही दोन.

पहिलं सोंग जेलीचं. अपेंडिक्समध्ये कधी कधी चिकट श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींची संथ वाढ होते. अपेंडिक्स फुगतं, फुटतं, आणि श्लेष्मा त्या पेशींसकट पोटात सांडतो. या आजाराचं नाव स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होणारा. या पेशी कुठे साठतात, ते फार मजेशीर आहे. लहान आतडं सतत वळवळत असतं, त्याच्यावर त्यांना बूड टेकता येत नाही. पोटातलं पाणी हळूहळू फिरत असतं आणि उजव्या बाजूला श्वासपटलाच्या खाली व आतड्यांवरच्या चरबीच्या पदरात शोषलं जातं. तिथे पाणी निघून जातं, पेशी मात्र गाळणीत चहापत्ती राहावी तशा मागे राहतात. उरलेल्या गुरुत्वाकर्षणाने खाली ओटीपोटात बसतात. आणि जांघेत हर्नियाची पिशवी उघडी असेल, तर त्याहून खालचा खड्डा कुठला? म्हणून पुरुषांत या आजाराची पहिली खूण कित्येकदा ‘नवा हर्निया’ ही असते. वाढत्या श्लेष्म्याच्या दाबाने अर्धवट मिटलेली पिशवीही उघडते. सर्जन पिशवी कापतो आणि आतड्याऐवजी हाताला जेली लागते.

हे वाचून कुणी हर्नियाचा पट्टा आवळू नये की ‘गाठ जिरवणारं’ तेल चोळू नये. स्नायूतलं भोक तेलाने बुजत नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो आणि महिने वाया घालवतो. आत ट्यूमर असेल तर तेच महिने मोलाचे.

दुसरं सोंग चरबीचं, आणि ते ओळखायला जास्त अवघड. पोटाच्या मागच्या जागेत लायपोसार्कोमा हा चरबीचा कॅन्सर काही किलोंचा होईपर्यंत गप्प राहू शकतो, कारण तिथे पसरायला जागा भरपूर. त्याचं टोक दोरीच्या वाटेने जांघेत उतरलं, तर दिसतं काय? मऊ चरबी. हर्नियाच्या शस्त्रक्रियेत चरबीचा निरुपद्रवी गोळा नेहमीच सापडतो, त्यामुळे डोळा फसतो. सूक्ष्मदर्शकालाही कधी फरक कळत नाही. मग जनुक पाहतात. या ट्यूमरच्या पेशींत बाराव्या गुणसूत्राच्या लांब भुजेचा एक तुकडा पुन्हा पुन्हा छापला जातो, कधी त्याचं वर्तुळाकार जास्तीचं गुणसूत्रच बनतं. त्या तुकड्यावर एमडीएमटू हे जनुक असतं. त्याचं प्रथिन पी-५३ या पहारेकरी प्रथिनावर युबिक्विटिनचं लेबल चिकटवतं. लेबल लागलेलं प्रथिन प्रोटिअसोम नावाचा कातरयंत्रासारखा रेणुसमूह तोडून टाकतो. एमडीएमटूच्या प्रती वाढल्या की पहारेकरी टिकत नाही आणि बिघडलेली पेशी विभागत राहते. साध्या चरबीच्या गाठीत या प्रती वाढलेल्या नसतात. एवढ्या एका मोजणीवर निदान फिरतं.

आणि फिरतं तेव्हा उशीर झालेला असू शकतो. साधी गाठ म्हणून ती सोलून काढली, तर ट्यूमरचा मोठा भाग आत राहतो. सार्कोमा काढायचा तर गरजेप्रमाणे दोरी आणि वृषणासकट एकसंध काढावा लागतो, आणि पोटातलं मूळ आधी सीटी स्कॅनवर पाहावं लागतं. नुसत्या सोनोग्राफीत चरबी चरबीसारखीच दिसते.

संशय कधी घ्यावा? आडवं झाल्यावर गाठ आत जात नाही, खोकल्यावर हलत नाही, कडक लागते, भराभर वाढते. किंवा उतारवयात अचानक हर्निया निघाला आणि त्याच सुमारास पोट फुगलं, वजन उतरलं. तेव्हा जांघेबरोबर पोटही तपासून घ्यावं. गाठ अडकून दुखायला लागली आणि उलट्या सुरू झाल्या तर मात्र थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. तो बहुधा आतडं अडकलेला साधा हर्नियाच असतो, पण तोही जीवघेणा ठरू शकतो.

शस्त्रक्रियेची पद्धतही इथे महत्त्वाची ठरते. जांघेवर चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जनला पोटाचं आतलं दृश्य दिसत नाही. पोटात दुर्बीण घालून केली, तर भोक झाकणारी जाळी बसवण्याआधी तो आत एक नजर टाकू शकतो. आणि कापलेली पिशवी जाड, खरबरीत किंवा चिकट वाटली, तर ती कचऱ्याच्या बादलीत जाऊ नये, प्रयोगशाळेत जावी.