बेकमनची सुई आणि युद्धातली माणसं

जर्मन अभिव्यक्तिवादी (दिसणाऱ्या रूपापेक्षा मनातली खळबळ मांडणाऱ्या) कलावंतांची मुद्राचित्रं, म्हणजे ठशावरून छापलेली चित्रं, म्हटली की आधी आठवतात ती ‘ब्र्यूके’ या चित्रकारांच्या गटाची वुडकट. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला जमलेल्या त्या तरुणांनी लाकडी ठशात नवा जीव ओतला, हे खरंच. तरी पहिल्या महायुद्धाने मोडलेलं माणसाचं शरीर बघायचं तर जर्मन चित्रकार माक्स बेकमनच्या ड्रायपॉइंटकडेच, म्हणजे सुईने पत्र्यावर कोरून छापलेल्या चित्रांकडेच वळावं लागतं, असं मला वाटतं.

एचिंग या छपाईच्या दुसऱ्या पद्धतीत पत्र्यावरची रेषा आम्ल खोदतं. ड्रायपॉइंटमध्ये आम्लाचा संबंधच नाही. सुईने तांब्याचा पत्रा थेट ओरखडायचा. नांगराच्या तासाकडेला माती उचलली जावी तशी धातूची खरखरीत कड वर येते. तिला ‘बर’ म्हणतात. तिच्यात शाई धरून राहते आणि कागदावर रेष मखमली, किंचित फुटलेली उमटते. प्रेसच्या दाबाने ही कड लवकर चेपते, त्यामुळे खऱ्या दाट प्रती सुरुवातीच्या थोड्याच.

बेकमनचा जन्म १८८४ चा, लाइपझिगचा. युद्धाआधी त्याने बर्लिनमध्ये मोठाल्या तैलचित्रांवर नाव कमावलं होतं. १९१२ मध्ये अभिव्यक्तिवादी चित्रकार फ्रान्झ मार्कशी त्याचा छापील वाद झाला. अभिव्यक्तिवादी हे बिरुद त्याने स्वतः कधी मिरवलं नाही. १९१४ मध्ये तो स्वयंसेवक म्हणून पूर्व प्रशियात जखमींच्या सेवेला गेला, पुढे बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या लष्करी रुग्णालयांत राहिला. १९१५ मध्ये मन खचल्यावर फ्रँकफुर्टला बॅटनबर्ग या मित्र दांपत्याने त्याला आसरा दिला.

‘शवागार’ हा ड्रायपॉइंट त्याच १९१५ चा. प्रेतं तळपाय आपल्याकडे करून पडलेली. रंग नाही, रक्त नाही. सगळी हिंसा रेषेत उतरलेली. आधीच्या चित्रांतला भव्य अभिनय इथे पार गळून पडला आहे. रुग्णालयात उघडी शरीरं रोज हाताळणाऱ्यालाच अशी रेष सुचावी.

१९१९ मध्ये ‘चेहरे’ हा त्याचा १९ ड्रायपॉइंटचा संच निघाला. समीक्षक युलिउस मायर-ग्रेफेने त्याला प्रस्तावना लिहिली. त्यात वेड्यांचं इस्पितळ आहे, जांभया देणारी माणसं आहेत, क्रुसावरून उतरवलेला ताठरलेला ख्रिस्तही आहे. युद्धभूमीवरून परतलेली नजर आता शहरातल्या माणसांवर खिळली होती.

शवागाराची तीच रचना त्याने १९२२ मध्ये वुडकटमध्ये पुन्हा केली. तिथे काळं-पांढरं अधिक ठाम झालं, पण तांब्यावरची कापरी धार गेली. माझ्या लेखी पहिलंच चित्र जास्त खरं आहे.